काझा ते कुंझुम: खडीवरची सायकल आणि चार हजार मीटरवरचा हिशेब

मी साताऱ्यात औषधांचं दुकान चालवते आणि सुट्टी मिळाली की खडीच्या रस्त्यावर सायकल चालवते. त्यामुळे दुकानात येणारे निम्मे सायकलवाले गोळ्यांऐवजी स्पितीबद्दल विचारतात, आणि पहिला प्रश्न हमखास 'कुठली सायकल घेऊ?' हाच असतो. सायकलचं नंतर. आधी नकाशा उघडा.

स्पिती म्हणजे हिमाचलमधलं थंड वाळवंट. पावसाचे ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात, पलीकडे उघडे तपकिरी कडे आणि माती. कुंझुम ही खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे. पूर्वेला लोसर गाव आणि स्पिती नदी, पश्चिमेला बातल आणि चंद्रा नदी. आता नीट बघा. उंचीचा त्रास वाढला की खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. काझ्यात (स्पितीतलं मुख्य गाव) किंवा लोसरला त्रास झाला तर मनाली नकाशावर जवळ दिसते, पण तिकडे जाणारा रस्ता आधी ४,५५० वर चढतो. खरा उतार उलट्या दिशेला, ताबोवरून किन्नौरकडे, आणि काझ्याहून रेकाँग पिओ दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून खिंडीवर जायचं की नाही हे काझ्यातच ठरवायचं. लोसरला डोकं ठणकत असेल तर गाडी करून मागे फिरा. 'एकदा कुंझुम ओलांडली की उतारच आहे' हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याबरोबर मी तरी जाणार नाही.

आत शिरायचं ते शिमल्याकडून. मनालीकडून गेलात तर शरीर तयार व्हायच्या आत खिंड समोर येते. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, सायकल खोक्यात बांधून पार्सल डब्यात, पुढे शिमला. किन्नौरमधला हमरस्ता ट्रकांनी भरलेला असतो. तो सायकलवर केलाच पाहिजे असं नाही. कल्पाला (२,९६० मीटर) दोन रात्री काढा, रेकाँग पिओहून सरकारी बसच्या टपावर सायकल चढवा, दोरी स्वतः बांधा आणि ताबोला उतरा. ताबो ३,२८० मीटरवर आहे. तिथला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. ९९६ चा, मातीच्या भिंतींचा. आतली चित्रं बघायला अर्धा दिवस ठेवा, तेवढीच शरीरालाही उसंत. मग सायकलवर काझा, साधारण ३,६५० मीटर.

नियम झोपेच्या उंचीचा आहे. तीन हजारांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी. दिवसा मात्र वर चढून खाली झोपायला यायचं. काझा त्यासाठी उत्तम. एक दिवस 'की' आणि किब्बर ही गावं, दुसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्कीम, कोमिक. कोमिक ४,५८७ मीटरवर, म्हणजे जवळपास कुंझुमच्याच उंचीवर. हिक्कीमच्या पोस्टातून घरी पत्र टाका आणि संध्याकाळी काझ्यात उतरा. कोमिकच्या चढावर बोलता बोलता पेडल मारता आलं आणि रात्री जेवण गेलं, तर लोसरची तयारी झाली. हे आपल्याकडे साधत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. यवतेश्वर घाट दिवसातून तीनदा चढलात तरी पाय तयार होतील, रक्त नाही. खडीवर तोल सांभाळायचा सराव मात्र म्हसवड-दहिवडीकडच्या माळावर छान होतो.

आता माझ्या काउंटरवरचा विषय. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, उंचीच्या त्रासासाठीची गोळी. डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा, आणि पहिली गोळी घरी असताना घेऊन बघा. तिने लघवी वाढते, म्हणजे पाणीही जास्त लागतं. आणखी एक गोष्ट सायकलवाल्यांनी लक्षात ठेवावी: या गोळीने बोटांना मुंग्या येतात. खडीवर तासन् तास हँडल धरूनही येतात. दोन्ही हातांना, ओठांना, पायांच्या बोटांना येत असतील तर बहुधा गोळी. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील तर हँडलवरची पकड बदला. ऑक्सिमीटरकडे दर तासाला बघू नका. डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली तर वर जायचं थांबवा. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर ती रात्रही तिथे काढू नका, निघा.

सायकल. काझा ते लोसर सुमारे ६० किलोमीटर, यातला बराच रस्ता आता डांबरी आहे. खिंडीपासून पलीकडे मनालीच्या रस्त्याला मिळणाऱ्या ग्राम्फूपर्यंत मात्र गोटे, वाळू, पीठासारखी धूळ आणि जिथे गाड्या वेगाने जातात तिथे पन्हळी पत्र्यासारखा पृष्ठभाग. ४५ मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर नको, ट्यूबलेस असावा आणि सीलंटची (पंक्चर आतून बुजवणाऱ्या द्रवाची) जादा बाटली जवळ हवी. गिअरमध्ये पुढच्या चक्रीपेक्षा मागची मोठी हवी, म्हणजे ३० ला ४० किंवा त्याहून सोपं. शहरात ते हास्यास्पद वाटेल. हवेचं गणित बहुतेक जण विसरतात: समुद्रसपाटीला भरलेला टायर साडेचार हजार मीटरवर साधारण सहा पीएसआय जास्त कडक होतो, कारण बाहेरचा दाब कमी होतो. थंडीने थोडा उतरतो, पण तरीही गोट्यांवर उडतो. म्हणून काझ्यात हवा पुन्हा मोजा आणि सोडा. ब्रेकला धातूमिश्रित पॅड लावा, एक जोडी जादा ठेवा; चंद्रेच्या खोऱ्यातला बारीक गाळ साधे पॅड खाऊन टाकतो.

खिंडीच्या दिवशी लोसरहून पहाटे निघा. चढ १९ किलोमीटरचा आणि सौम्य आहे, घाई करण्यासारखं काही नाही. वर कुंझुम मातेचं मंदिर आहे, गाड्या त्याला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. आपणही घालावी, पण घामाच्या कपड्यांत वाऱ्यात उभं राहू नये. आधी विंडचीटर आणि जाड हातमोजे, मग फोटो. बातलकडचा उतार बारा किलोमीटरचा, तीव्र आणि वळणावळणांचा. इथे ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी वेग मोडा, मग सोडा. बातलच्या धाब्यावर राजमा-चावल खा. पाणी तिथे ८६-८७ अंशांनाच उकळतं, म्हणून मॅगीला वेळ लागतो. स्वयंपाक्याला घाई करू नका.

बातलला दुपार झाली असेल तर तिथेच राहा. पुढचे नाले बर्फ वितळून वाहतात, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला मांडीपर्यंत येऊ शकतं. पुढच्या छतडू या मुक्कामापर्यंतचे ३२ किलोमीटर सकाळी लवकर निघून करा. नाल्यात सायकल चालवू नका. पिशव्या सोडून वेगळ्या न्या, बूट पायात ठेवा, जिथे पात्र रुंद तिथे ओलांडा, तोंड वरच्या अंगाला आणि सायकल खालच्या अंगाला धरा, म्हणजे प्रवाहाने ती तुमच्यावर येणार नाही. पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर आत शिरू नका, एखाद्या टेम्पोची वाट बघा. तो येतोच, नाही आला तर उद्या सकाळी पाणी उतरलेलं असतं. ओलांडल्यावर चेन पुसून तेल घाला.

प्यायला चंद्रेचं पाणी घेऊ नका. गाळाने फिल्टर तासाभरात तुंबतो. बाजूच्या स्वच्छ झऱ्यांचं घ्या आणि क्लोरीनचे थेंब टाकले तर थंड पाण्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबा. लोसर सोडलं की फोनला रेंज धरून चालू नका, म्हणून काझ्यातून घरच्यांना सांगून निघा, आणि पोचायच्या अंदाजात एक दिवस जादाच धरा, नाहीतर एका नाल्यापायी साताऱ्यात रडारड सुरू होते.

छतडूहून ग्राम्फू १७ किलोमीटर. तिथे डांबर लागतं, आणि मनालीसाठी रोहतांग खिंडीचे ३,९७८ मीटर समोर असतात. पाय आणि हवामान धड असेल तर चढा. ढग उतरले असतील तर सायकल एखाद्या पिकअपमध्ये टाका, आणि मनालीत पोचल्यावर जेवायच्या आधी ब्रेकचे पॅड काढून बघा, कारण परतीच्या ट्रेनआधी तुम्हाला आणखी उतार लागणार आहेत.