पिकगार्ड कापायला देण्यापूर्वीची तयारी

स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी नवे पिकगार्ड, म्हणजे तारांखाली लाकडावर स्क्रूंनी बसवलेला प्लास्टिकचा सपाट तुकडा, करून घ्यायचे ठरले की बहुतेक जण लगेच संगणक उघडून रेघा ओढायला बसतात. माझा अनुभव असा की रेघा ओढणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तुकडा वाया जातो तो त्याआधी माप घेताना, नाहीतर त्यानंतर फाइल दुसऱ्याच्या हाती सोपवताना. म्हणून पुढे या दोन टोकांवरच अधिक लिहिले आहे.

सर्वप्रथम हातातली गिटार नेमकी कोणत्या घडणीची आहे हे कागदावर लिहून काढावे. फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा पिकगार्ड एकाच थराचे होते आणि आठ स्क्रूंनी बसवलेले असे. १९५९ च्या सुमारास तीन थरांचे, अकरा स्क्रूंचे पिकगार्ड आले. आजही दोन्ही साचे बाजारात आहेत, आणि अकरा स्क्रूंच्या सगळ्या साच्यांत भोके एकाच जागी असतात असेही नाही. त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला तयार आराखडा ‘स्ट्रॅटचा आहे’ एवढ्या भरवशावर कापायला देऊ नये. दिशा कळण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

जुने पिकगार्ड काढून त्याची बाह्यरेषा गिरवली की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे, पण जुना तुकडा साक्षीदार म्हणून फारसा विश्वासाचा नसतो. १९५९ नंतरच्या काही वर्षांतली पिकगार्डे सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असत आणि सेल्युलॉइड वर्षानुवर्षे आकसत जाते. अशा गिटारवर स्क्रूची भोके लाकडातल्या भोकांपासून सरकलेली, कडा वर वळलेल्या आणि एखाद्या कोपऱ्याला तडा गेलेला दिसतो. अशा तुकड्याची हुबेहूब नक्कल केली तर आकसणेही हुबेहूब उतरते. जुने पिकगार्ड आकारासाठी वापरावे, पण भोकांच्या जागा गिटारच्या लाकडावरूनच घ्याव्यात.

लाकडावरून माप घेण्यासाठी तारा उतरवण्याआधीच एक काम उरकावे. गिटारवर कागदी चिकटपट्टी लावून पहिल्या आणि सहाव्या तारेची जागा त्यावर टोकदार पेन्सिलीने दोन ठिकाणी, म्हणजे नेकजवळ (गिटारच्या मानेजवळ) आणि ब्रिजजवळ (तारा अंगावर जिथे टेकतात त्या धातूच्या भागाजवळ), खुणावून ठेवावी. या दोन तारांच्या बरोबर मधून जाणारी रेषा ही पुढच्या साऱ्या मापांची आधाररेषा असते, आणि तारा एकदा उतरल्या की ती तितक्या खात्रीने पुन्हा सापडत नाही. त्यानंतर तारा, नेक आणि पिकगार्ड उतरवून उघड्या खोबणींवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा आणि लहानपणी कागदाखाली नाणे ठेवून शिसपेन्सिल आडवी घासत असू, तशी ती सगळ्या कडांवरून घासावी. स्क्रूचे प्रत्येक भोक, नेकच्या खोबणीची कड, ब्रिजच्या पत्र्याची रेषा काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ उमटते. चिकटपट्टीवरच्या खुणाही त्याच कागदावर उतरवून घ्याव्यात.

हा कागद मोबाइलवर फोटो काढून संगणकात घेऊ नये, कारण फोटोत कडांना येणारा फुगवटा आणि तिरकसपणा नजरेला दिसत नाही, पण स्क्रूला दिसतो. फ्लॅटबेड स्कॅनर वापरावा आणि कागदाशेजारी स्टीलची पट्टी एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून स्कॅन करावे. ३०० डीपीआयला २५.४ मि.मी. म्हणजे ३०० ठिपके. दोन्ही दिशांना पट्टीवरचे १०० मि.मी. तपासले की स्कॅनर एका दिशेने किंचित ताणत असेल तर तेही लक्षात येते. ए-४ आकाराच्या काचेवर पूर्ण पिकगार्ड मावत नाही, म्हणून दोन भागांत स्कॅन करावे आणि जोडण्यासाठी दोन्ही भागांत येतील अशा निदान तीन खुणा आधीच कागदावर काढाव्यात.

स्कॅनने आकार मिळतो. अचूक आकडे मात्र व्हर्निअर कॅलिपरनेच घ्यावेत. दोन भोकांच्या मध्यबिंदूंतले अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून एका भोकाचा व्यास वजा करावा. भोके सारख्या व्यासाची असतील तरच हे गणित बरोबर येते, हे विसरू नये. कोणता पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) चालू ठेवायचा हे ठरवणाऱ्या पाच जागांच्या निवड-स्विचच्या दोन स्क्रूंमधले अंतर सामान्यतः १ ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मि.मी. असते. ते माझ्याजवळच्या आराखड्यात आले की नाही, हे मी प्रत्येक टप्प्यावर पाहतो. पुढे एका प्रसंगी त्यानेच माझी चूक पकडली.

पॉटच्या, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणाऱ्या फिरत्या बटणाखालच्या भागाच्या, भोकांबाबत विशेष जपावे लागते. अमेरिकी मापाच्या पॉटची आटे असलेली नळी ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मि.मी. जाड असते, तर मेट्रिक मापाच्या लहान पॉटची ७ किंवा ८ मि.मी. असते. पुढे पॉट बदलणार असाल तर आज बसवलेल्या पॉटचे नव्हे, बदलून येणाऱ्या पॉटचे माप घ्यावे. पिकअपच्या भोकात कव्हरभोवती मोकळीक ठेवावी लागते. माझे कव्हर १८.२ मि.मी. रुंद निघाले तेव्हा मी भोक १८.६ ठेवले आणि पिकअप वरखाली करताना अडकला नाही. ब्रिज मागेपुढे झुकणारा असेल तर त्याच्या पत्र्याजवळ मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळी जागा सोडावी, नाहीतर ट्रेमोलो (ब्रिज झुकवणारी दांडी) दाबला की पत्रा पिकगार्डवर घासतो.

सगळी मापे एकाच एककात लिहावीत. गावातले सुतार आणि हार्डवेअरवाले आजही सुतात बोलतात, इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मि.मी.; फेंडरची मूळ मापे इंचाच्या अपूर्णांकांत, आणि यंत्र चालवणाऱ्याचा पडदा मिलिमीटरमध्ये. माझ्या कागदावर सगळे मिलिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत असते. इंचातले मूळ माप मिलिमीटरमध्ये बदलले असेल तर ते शेजारी पेन्सिलीने लिहिलेले असते.

आता साहित्य. हा निर्णय आराखड्यानंतर घेतला जातो, पण तो आधी घ्यायला हवा, कारण कापण्याची पद्धत त्यावरच ठरते. बाजारातली बहुतेक तीन थरांची पिकगार्ड-शीट पीव्हीसीची असतात आणि पीव्हीसी लेझरवर कापायला देऊ नये: त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो माणसाच्या फुप्फुसांना आणि यंत्राच्या लोखंडाला सारखाच घातक आहे. जाणता लेझरवाला असे शीट परत करतो. जो परत करत नाही त्याला आपण सांगावे. पीव्हीसीसाठी सीएनसी राउटर (संगणकाने चालणारे, फिरत्या हत्याराने कापणारे यंत्र), ॲक्रिलिकसाठी लेझर, अशी विभागणी सोयीची. सेल्युलॉइड तर लेझरच्या आसपासही नेऊ नये, ते भडकते. ॲक्रिलिक ठिसूळ असल्याने स्क्रूची भोके घट्ट ठेवू नयेत, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. जाडीकडेही पाहावे. तीन थरांचे नेहमीचे पिकगार्ड सुमारे २.३ मि.मी. असते आणि ॲक्रिलिक दुकानात सहज मिळते ते ३ मि.मी.चे, बावीस पडद्यांच्या नेकचा पुढे आलेला भाग पिकगार्डवर येतो, आणि ही ०.७ मि.मी.ची जादा जाडी तिथे नेक खोबणीत पूर्ण बसू देत नाही.

रेखाटनाबाबत थोडक्यात. प्रत्येक आकार बंद असावा, एकावर एक दोन रेषा नसाव्यात (यंत्र तीच वाट दोनदा कापते आणि कड जळते किंवा खरवडली जाते), वर्तुळ हे वर्तुळच असावे, शंभर बिंदूंची बहुभुजाकृती नसावी, आणि अक्षरे असतील तर ती रेषांत बदललेली असावीत. राउटरवर आतला कोपरा हत्याराच्या त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण निघत नाही, ३ मि.मी.चे हत्यार असेल तर नेकच्या खोबणीचे कोपरे निदान १.५ मि.मी. त्रिज्येने गोल काढावेत आणि नेकचा कोपरा तिथे अडणार नाही एवढे पाहावे.

उतरती कड हवी असेल तर आराखड्यातली बाह्यरेषा वरच्या पृष्ठाची की खालच्या, हे स्पष्ट लिहावे. २.३ मि.मी. जाडीला ४५ अंशांची पूर्ण उतरण दिली तर वरची आणि खालची रेषा प्रत्येक बाजूला २.३ मि.मी.ने वेगळी पडते; एवढ्या फरकाने काठावरचे स्क्रू उतारावर येऊन पडतात. नेकच्या खोबणीला आणि पिकअपच्या भोकांना उतरण नको, हेही लिहावे. लेझरची रेष स्वतः ०.१ ते ०.३ मि.मी. साहित्य खाते; तिची भरपाई आपण आराखड्यात करावी की चालकाने सॉफ्टवेअरमध्ये, हे आधी ठरवावे. दोघांनी केली तर दुप्पट होते. मी तयार तुकड्याचीच मापे काढतो आणि तसे फाइलमध्ये लिहून ठेवतो.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत काढलेला माझा आराखडा मी तसाच एसव्हीजी या फाइल-प्रकारात कापायला पाठवला. तुकडा आला, सुंदर, काळाभोर, कड चकचकीत. स्विच बसवायला गेलो तर दोन भोकांमधले अंतर ४१.३ ऐवजी ३८.७ मि.मी. भरले. सगळा तुकडाच ९३.७५ टक्के झाला होता: २८८ मि.मी.चा २७०. कारण साधे. ०.९२ च्या आधीच्या इंकस्केपमध्ये एक इंच म्हणजे ९० ठिपके, त्यानंतरच्यांत ९६, आणि इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ७२; दुकानातल्या सॉफ्टवेअरने ९६ धरले. दोष दुकानाचा नव्हता, मी फाइलमध्ये एकही माप लिहिले नव्हते. डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल-प्रकारातही एककाची नोंद असतेच असे नाही, आणि इंच-मिलिमीटरची गल्लत झाली तर आकार २५.४ पट बदलतो. ती निदान लगेच दिसते. सहा टक्क्यांची चूक डोळ्यांना दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात वेगळ्या थरावर (लेयरवर) १०० मि.मी.ची रेषा असते आणि तिच्यावर ‘ही रेषा १०० मि.मी. भरली पाहिजे, कापू नये’ असे लिहिलेले असते.

आपल्याकडे लेझरचे काम पाट्या, ट्रॉफ्या आणि ॲक्रिलिकची अक्षरे करणाऱ्यांकडेच द्यावे लागते, आणि तिथे पहिला प्रश्न असतो, ‘कोरलची फाइल आहे का?’, म्हणजे कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची. त्यांच्याकडची आवृत्ती विचारून त्याच किंवा तिच्या आधीच्या आवृत्तीत जतन करावे, कारण नवी फाइल जुन्या कोरलड्रॉमध्ये उघडत नाही. कापायच्या आणि कोरायच्या रेषांसाठी ते कोणते रंग धरतात हेही विचारावे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, चित्र म्हणून नव्हे. सोबत एक पीडीएफ द्यावी, ज्यात बाहेरची एकूण लांबी-रुंदी, साहित्य, जाडी, उतरण, नग आणि ‘वरच्या बाजूने पाहिलेला आराखडा’ एवढे असेल. शेवटचा मुद्दा डावखुऱ्या गिटारसाठी तर अनिवार्य आहे, कारण पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून कोरण्यासाठी चालक आराखडा उलटवतो आणि परत सुलटवायचे राहून जाते.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी तोच आराखडा शंभर टक्के मापात, ‘पानाला बसवा’ ही सोय बंद करून छापावा, १०० मि.मी.ची रेषा पट्टीने मोजावी, कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून धारदार कटरने कापावा आणि गिटारवर ठेवून अकराही स्क्रू दोन-दोन आटे फिरवून पाहावेत. मग पिकअप, स्विच, पॉट पुठ्ठ्यात बसवून नेक लावावा. जिथे ओढाताण होते तिथे पुठ्ठ्यावरच लाल पेनने माप लिहावे, आराखडा दुरुस्त करावा, नव्या फाइलला नवी तारीख द्यावी आणि जुनी फाइल त्याच वेळी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी. दुकानात जाताना हा पुठ्ठा बरोबर न्यावा. तुकडा कापला जाण्याआधी चालकाने पडद्यावरचा आकार त्याच्याशी एकदा ताडून पाहिला, तरच मी पैसे देतो.