जुन्या गाडीचा डॅशबोर्ड रंगवताना क्रोम, मीटर आणि प्लेट कशी वाचवायची

पत्र्याचा डॅश रंगवायचा म्हटलं की सगळे आधी शेडवरच बोलत बसतात, पण खरं सांगू का, रंग मारणं हे फार थोड्या वेळाचं काम आहे, दिवस जातात ते ट्रिम, म्हणजे क्रोमच्या पट्ट्या, रिंगा, नॉब वगैरे वाचवण्यात, आणि जाऊ द्यावेत. शेड चुकली तर परत मारता येते, जुनी क्रोम पट्टी खराब झाली तर तशीच दुसरी मिळेलच असं नाही.

सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अँपिअर मीटरमधून गाडीचा बहुतेक करंट जातो आणि त्याला कित्येकदा फ्यूजच नसतो, म्हणजे चावी बंद असली तरी मागे पाना टेकला की ठिणगी. मग समोरून, खालून, मागून भरपूर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला टेपचा तुकडा लावून नंबर टाका.

जे निघतं ते काढायचंच, टेप लावून भागवू नका. नॉब मात्र ओढायचे नाहीत. पुष्कळ नॉबच्या मानेला खालून एक बारीकसं भोक असतं, आत स्प्रिंगवाली पिन असते, टाचणीच्या टोकाने ती दाबली की नॉब अलगद हातात येतो, काहींना बारीक स्क्रू असतो. स्विचभोवतीच्या रिंगला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, त्या खाचांत बसेल असंच काहीतरी वापरा, पक्कड लावली तर क्रोमवर कायमचे दात उठतात. तापमानाचं मीटर मेकॅनिकल असेल तर त्याच्या मागून एक बारीक नळी थेट इंजिनपर्यंत सलग जाते. ती मुडपली किंवा तुटली की मीटर गेलं, म्हणून आधी इंजिनकडचं टोक सोडवा आणि नळीसकट मीटर बाहेर काढा.

मग सफाई. वर्षानुवर्षं मारलेल्या डॅश पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर बसलेलं असतं आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यामुळे घासायच्या आधीच वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपायचं. घासायचा पेपर पाण्यातच मारा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ छातीत जायला नको. ३२० नंबरच्या पेपरने सुरुवात, प्रायमरनंतर ६००.

आता जे निघत नाही ते. रिव्हेट मारलेली प्लेट असेल तर काढू नका, झाका. कडेला आधी ३ मिमीची फाइन लाइन टेप, ती वळणावर नीट वळते, आणि तिच्यावर साधी मास्किंग टेप नि कागद. कड नखाने नाही, प्लास्टिकच्या पट्टीने दाबा आणि टॉर्च तिरका धरून बघा, जिथे टेपखाली चमक दिसेल तिथून रंग आत शिरणार. काचेच्या रबराखाली बारीक दोरी सरकवली की रबराचा ओठ वर उचलला जातो आणि रंग त्याच्याखालपर्यंत जातो. प्लास्टिकवरच्या क्रोमला फार जपा, त्याचा थर इतका पातळ असतो की थिनरने जातो आणि चिकट टेपबरोबर उचलूनही येतो, तिथे कमी चिकट टेप, तीसुद्धा आधी कपड्यावर एकदोनदा चिकटवून मगच लावायची.

उघड्या पत्र्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मग रंगाचे तीन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबून. एक जाड हात मारला की ओघळ क्रोमच्या कडेलाच साचतो. गॅसचं फिल्टर असलेला मास्क हवाच, आणि हार्डनरवाला टू-के रंग घरी मारूच नका. काचेखालचा वरचा भाग चकचकीत ठेवू नका, उन्हात काचेवर प्रतिबिंब पडतं.

टेप कधी काढायची यावर माझं ठाम मत आहे: शेवटचा हात हाताला चिकटेनासा झाला की लगेच. मी एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी काढली आणि मधल्या पट्टीच्या कडेने रंगाचा दोऱ्याएवढा पापुद्रा टेपबरोबर निघून आला, सगळी कड परत करावी लागली. टेप तिच्यावरच उलटी दुमडून, सावकाश ओढा.

रिंगा आणि मीटर बसवायची घाई करू नका, आठवडाभर तरी थांबा, वरून सुकलेला रंग आतून मऊ असतो आणि रिंग आवळली की तिचा गोल ठसा त्यात उमटतो.