जबड्याच्या सांध्याचे दुखणे आणि नाइट गार्डचा योग्य वापर

सकाळी उठल्यावर गाल आणि कानशिले जड वाटणे, कानाच्या अगदी पुढे ठणकणे, पहिला घास चावताना जबडा आखडलेला जाणवणे ही लक्षणे झोपेत दात खाणाऱ्या अनेकांना परिचित असतात. आपल्याकडे दात खाण्याचे खापर अजूनही जंतांवर फोडले जाते. परंतु मोठ्या माणसांत मानसिक ताण, तुटक झोप, मद्य, तंबाखू, चहा-कॉफीचा अतिरेक आणि नैराश्यावरील काही औषधे ही कारणे अधिक आढळतात. अशा रुग्णाला दंतवैद्य पुष्कळदा नाइट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचे आवरण, सुचवतात. गार्डमुळे दात खाण्याची सवय जात नाही, हे आधीच समजून घ्यावे. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा थर आल्याने दातांची झीज टळते, दाब सर्व दातांवर विभागला जातो आणि चावण्याच्या स्नायूंवरचा व सांध्यावरचा भार काही प्रमाणात कमी होतो. दुखणे कमी होण्याचे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते.

गार्ड करून घेण्यापूर्वी तपासणी झालीच पाहिजे, आणि या टप्प्यावर घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. तोंड उघडून स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का, हे घरी पाहता येते. ती मावत नसतील आणि सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय असेल, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आतील त्वचा घट्ट होत जाण्याचा असू शकतो. तिखट लागताच तोंडाची आग होणे आणि गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे जाणवणे ही त्याची खूण असते. हा विकार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो आणि गार्डने त्यावर काहीही उपाय होत नाही. तेथे सवय त्याच दिवशी सोडणे आणि तोंडाच्या विकारांच्या तज्ज्ञाला दाखवणे हाच मार्ग आहे. जबडा अचानक अडकून तोंड उघडेनासे झाले, सूज आणि ताप आला किंवा चेहरा बधिर झाला, तरीही गार्डची वाट पाहू नये. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखून कानशिलात नवी डोकेदुखी सुरू झाली किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जबड्यातील वेदनेसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो हृदयविकार समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या व्यक्तीने ही गोष्ट दंतवैद्याला आवर्जून सांगावी, कारण वरच्या दातांवरील गार्डमुळे काहींचा हा त्रास वाढतो. याउलट, जबडा हलवताना न दुखता केवळ ‘कट’ असा आवाज येत असेल, तर बहुधा उपचारांची गरज नसते.

औषधांच्या दुकानात मिळणारे, गरम पाण्यात मऊ करून दातांनी दाबायचे गार्ड स्वस्त असते. पण ते जाडजूड असते, त्याचा दाब सारखा पडत नाही आणि मऊ वस्तू चावत राहण्याची ओढ काहींना अधिकच लागते. सांधा दुखत असेल तर मापाने बनवलेले, सर्व दात झाकणारे कडक अ‍ॅक्रिलिकचे गार्ड अधिक भरवशाचे असते. केवळ पुढच्या काही दातांवर बसणारी छोटी उपकरणे दीर्घकाळ वापरल्यास न झाकलेले दात सरकून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, बदलू शकतो. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करावी.

माप घेताना दंतवैद्य दोन्ही जबड्यांचा साचा घेतात किंवा तोंडात स्कॅनर फिरवतात, आणि दात कसे जुळतात याचीही नोंद करतात. तयार गार्ड बसवल्यावर खरे कौशल्याचे काम सुरू होते. रंगीत कागद चावायला देऊन कोठे जास्त दाब पडतो हे पाहिले जाते आणि विरुद्ध जबड्याचे दात गार्डवर दोन्ही बाजूंनी सारखे टेकेपर्यंत ते घासले जाते. हे काम घाईने उरकले, तर एका बाजूला जोर येऊन दुखणे वाढते. म्हणून एखादी बाजू आधी लागते असे वाटल्यास रुग्णाने संकोच न करता तेथेच सांगावे. एक-दोन आठवड्यांनी फेरतपासणीला जावे, कारण स्नायू सैलावल्यावर जबड्याची ठेवण किंचित बदलते आणि गार्ड पुन्हा जुळवावे लागते.

रात्री दात घासून, मगच गार्ड बोटांनी दाबून बसवावे. चावून बसवू नये. पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटते आणि दात आवळल्यासारखे वाटतात, ते ओसरते. सकाळी गार्ड काढताना दोन्ही बाजूंनी एकदम उचलावे, मऊ ब्रश आणि साध्या साबणाने थंड पाण्यात धुवावे. गरम पाण्याने ते वाकते आणि टूथपेस्टच्या खरखरीने त्यावर ओरखडे पडतात. नंतर ते हवा खेळणाऱ्या डबीत ठेवावे. पावसाळ्यात ओलसर गार्ड बंद डबीत राहिले तर त्याला कुबट वास येतो.

गार्ड रात्रीपुरतेच असते, आणि पुष्कळ लोक दिवसाही संगणकासमोर किंवा गाडी चालवताना दात आवळून बसतात. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जीभ वरच्या पुढच्या दातांमागे हलकेच टेकलेली, अशी विश्रांतीची ठेवण दिवसातून अनेकदा आठवून घ्यावी. दुखणे जास्त असताना मऊ भात, खिचडी, शिजवलेल्या भाज्या खाव्यात. चिक्की, ऊस, च्युइंगगम टाळावे. जांभई देताना हनुवटीखाली हाताचा आधार घ्यावा. गालांवर ओल्या फडक्याचा सोसेल इतका शेक १५-२० मिनिटे द्यावा.

गार्ड काढल्यावर काही मिनिटे दात नीट जुळत नसल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते दिवसभर टिकले किंवा दुखणे वाढत गेले, तर वापर थांबवून दंतवैद्याला दाखवावे. त्याच भेटीत दात यंत्राने झिजवून चावा कायमचा बदलण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. दाताला नवी कॅप किंवा मोठे फिलिंग करायचे असल्यास गार्ड सोबत न्यावे, कारण दाताचा आकार बदलल्यावर जुने गार्ड जुळवून घ्यावे लागते.