मशीन पडलं, तरी चालू आहे? सर्व्हेच्या कामात या चुका टाळा

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं मशीन) आपटून बंद पडलं तर निदान कळतं तरी. काम थांबतं, मशीन दुरुस्तीला जातं. खरा घोटाळा होतो तो आपटूनही चालू राहिलेल्या मशीनने. स्क्रीनवर आकडे पूर्वीसारखेच येत राहतात, आणि चूक कळते ती आखणी झाल्यावर, कधी कधी काँक्रीट पडल्यावर.

मशीन पडतं ते बहुतेक वेळा लावताना किंवा उतरवताना

ट्रायपॉडवर मशीन ठेवलं की एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हाताने मधला स्क्रू. स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत हँडल सुटता कामा नये. नवखी माणसं इथे चुकतात, पण मुरलेली माणसं चुकतात ती पुढच्या टप्प्यावर. सेंटरिंगसाठी, म्हणजे मशीन जमिनीवरच्या खुणेच्या बरोबर वर आणण्यासाठी, स्क्रू किंचित सैल करून मशीन सरकवलं जातं, खूण जुळते, पातळी दाखवणारा बबल मधे येतो आणि स्क्रू परत आवळायचा राहून जातो. मशीन नुसतं स्वतःच्या वजनावर उभं असतं. म्हणून शेवटचा बबल बघून झाला की हात आपोआप स्क्रूकडे गेला पाहिजे.

ट्रायब्रॅकचं (मशीन जिच्यात बसतं त्या खालच्या बैठकीचं) लॉकही तसंच फसवतं. खालचा स्क्रू घट्ट आहे, पण लॉक उघडं असेल तर वरचं मशीन मोकळंच असतं. प्रिझम (मशीनचा किरण परत पाठवणारी काच) आणि मशीन आळीपाळीने एकाच ट्रायब्रॅकवर बसवताना हे हमखास घडतं.

पेटीचंही तेच. झाकण नुसतं टेकवून ठेवलेली पेटी बंद दिसते, दुसरा कोणी येऊन हँडल धरून उचलतो आणि मशीन बाहेर. झाकण लावलं की कड्या त्याच क्षणी लावायच्या, नाहीतर झाकण सताड उघडं ठेवायचं. अर्धवट काही नको.

ट्रायपॉडकडे कोणी बघत नाही

रोज सकाळी एक मिनिट द्या. पाय अर्धे लांबवा, क्लॅम्प आवळा आणि वरून अंगाचा भार देऊन दाबा. पाय आत सरकला तर क्लॅम्प झिजलाय. मग पाय फाकवून ट्रायपॉड डोक्याकडून उचला. पाय जागच्या जागी राहिले पाहिजेत. लटलट मिटत असतील तर बिजागरीचे बोल्ट आवळायला हवेत. टाइल किंवा गुळगुळीत काँक्रीटवर टोकं घसरतात, तिथे पायांना दोरी बांधा किंवा खाली त्रिकोणी स्टँड वापरा. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वर.

मशीन लावलेला ट्रायपॉड आडवा खांद्यावर टाकून नेणं ही सर्रास दिसणारी सवय. फांदी किंवा दाराची चौकट लागण्याचा धोका आहेच, पण काहीही न लागतासुद्धा मशीनचं पूर्ण वजन अक्षावर आडवं येतं. स्टेशन बदलताना मशीन पेटीत घाला. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

पडल्यावर लगेच काय करायचं

वेळ आणि शेवटचा पॉइंट नंबर वहीत लिहा. मशीन हाताने सावकाश फिरवा. कुठे अडकलं, करकरलं तर जोर लावू नका आणि ते तिथेच पेटीत ठेवा. पाण्यात पडलं असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी काढा, बाहेरून पुसा, आणि बंद पेटीत कोंडू नका. आपटून फुगलेली किंवा चेपलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नये.

चालू असेल तर तपासणी. टोटल स्टेशनने साधारण १०० मीटरवरची ठळक खूण फेस लेफ्ट आणि फेस राइटला, म्हणजे दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंनी, घ्या. समजा आडवा कोन ४२°१५′२०″ आणि २२२°१५′४४″ आला. फरक १८०° पेक्षा २४ सेकंद जास्त, म्हणजे कॉलिमेशनची (दुर्बिणीच्या नजररेषेची) चूक १२ सेकंद. १०० मीटरला ती जवळपास ६ मिमी होते. उभ्या कोनांची बेरीज ३६०° यायला हवी.

इथे एक मोठी चूक होते: मेनूतून कॅलिब्रेशन केलं, चूक शून्य झाली, चला कामाला. पण आतला भाग सैल झाला असेल तर कॅलिब्रेशन त्या क्षणापुरतंच खरं. ते लागोपाठ तीनदा करा, मशीन मधे थोडं फिरवून. दर वेळी वेगळा आकडा आला तर प्रकरण सॉफ्टवेअरचं नाही.

ऑटो लेव्हलमध्ये (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीत) कॉम्पेन्सेटर, म्हणजे नजररेषा आपोआप आडवी ठेवणारा आतला भाग, आधी बघा. स्टाफवर (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीवर) रीडिंग धरून दुर्बिणीच्या दिशेचा फूट स्क्रू (खालचा पातळीचा स्क्रू) अगदी किंचित फिरवा. क्रॉसहेअर हलून त्याच रीडिंगवर परत आली पाहिजे. सरकलेलीच राहिली तर कॉम्पेन्सेटर अडकलाय. मग टू-पेग टेस्ट: ६० मीटरवर दोन पॉइंट, मधोमध लेव्हल. 'अ'वर १.४२५, 'ब'वर १.३१०, खरा फरक ०.११५. आता लेव्हल 'ब'पासून ३ मीटरवर आणा. 'ब'वर १.४८२ आलं तर 'अ'वर १.५९७ यायला हवं. १.६०४ आलं तर ७ मिमीची चूक आहे, आणि या लेव्हलने बीएम (उंची माहीत असलेली खूण) पुढे नेऊ नये.

जीएनएसएस रिसीव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र) पोलसकट पडला की लोक रिसीव्हर तपासतात. बहुतेक वेळा वाकलेला असतो पोल, किंवा हललेला असतो त्यावरचा बबल. पोल बायपॉडमध्ये (दोन पायांच्या आधारात) उभा करून बबल मधे आणा, पोल स्वतःभोवती १८०° फिरवा. बबल सरकला तर अर्धी चूक त्याच्या स्क्रूने काढा आणि पुन्हा बघा. २ मीटरच्या पोलला १०′ चा कल म्हणजे जवळपास ६ मिमी. टिल्ट (कललेल्या पोलनेही मोजायची सोय) वापरत असाल तर माहीत असलेल्या पॉइंटवर पोल चार बाजूंना कलवून कोऑर्डिनेट जुळतात का पाहा. प्रिझम पडला असेल तर काचेच्या कडेचे टवके आणि होल्डरमधली हालचाल तपासा.

मशीन ठीक निघालं तरी पडण्याआधीचे तीन-चार पॉइंट पुन्हा घ्या. चूक निघाली तर शेवटच्या बरोबर आलेल्या बॅकसाइटनंतरचं (माहीत असलेल्या पॉइंटवर मागे घेतलेल्या रीडिंगनंतरचं) सगळं संशयित धरा. पडल्याचं कोणी लगेच सांगितलं नसेल, तर 'कधी पडलं' याचं उत्तर या तपासणीतूनच काढावं लागतं.

सर्व्हिसला पाठवताना "चेक करा" एवढंच लिहू नका. किती उंचीवरून, कशावर, कोणत्या बाजूने पडलं आणि तपासणीत कोणते आकडे आले ते सांगा. क्लॅम्प हलकेच लावा, बॅटरी वेगळी करा आणि मूळ पेटी आणखी एका खोक्यात, सगळीकडून गादी देऊन पाठवा. दुरुस्तीहून परत आलेलं मशीनही कामावर नेण्याआधी वरच्याच पद्धतीने तपासून घ्या, कारण परतीच्या गाडीतही ते आपटू शकतं.