लोडरच्या ट्रॅक्टरला कोणतं हायड्रॉलिक तेल घालावं?

उसाचा हंगाम सुरू होण्याआधी लोडरचं तेल बदलणार असाल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट बघा. लोडरला स्वतःची टाकी आणि पंप आहे, की तो ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमधलंच, म्हणजे गिअर आणि ब्रेक असतात त्या भागातलंच तेल वापरतो? सगळा निर्णय यावर आहे.

वेगळी टाकी असेल तर काम सोपं. पुस्तिकेत सांगितलेलं ४६ किंवा ६८ ग्रेडचं, झीज रोखणारं हायड्रॉलिक तेल घ्या. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगतो. शिरोळकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर शेणखत भरायचं असेल, तर पुस्तिकेत चालत असल्यास ६८च बरं. तेल तापून पातळ झालं की पंपाची ताकद आतल्या आतच गळते आणि बकेट हळू उचलते.

गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिकला एकच तेल असेल तिथे मात्र साधं ६८ अजिबात ओतू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. तेलात बुडालेल्या ब्रेकना यूटीटीओ प्रकारचं, म्हणजे गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिक या तिन्हींना चालणारं ट्रॅक्टरचं तेल लागतं, तेही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं. नाहीतर ब्रेक आवाज करतात, नीट धरत नाहीत. मागे उसाने भरलेली ट्रॉली असताना हा धोका कुणीही पत्करू नये.

गगनबावड्याच्या पावसात उभ्या राहिलेल्या यंत्राचं तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. वरून भर न घालता सगळं काढा, फिल्टरही बदला. पातळी बघताना बकेट जमिनीवर टेकवलेली हवी.