ब्रेकची डिस्क आणि पॅड घरी बदलताय? या चुका टाळा

वेरूळहून परतताना कन्नड घाट उतरत होतो. खाली चाळीसगावकडचे दिवे दिसायला लागले होते, आणि ब्रेकवर पाय ठेवला की पेडल पायाखाली धडधडायचं, स्टिअरिंग हातात थरथरायचं. मागून आईने विचारलं, "काय व्हयनं रे?" काय सांगणार? तीनच महिन्यांपूर्वी पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि पॅड (ब्रेक मारला की त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) मी स्वतः, अमळनेरला घराच्या अंगणात बदलले होते. दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो, आणि उतरेपर्यंत डिस्क विकणाऱ्या दुकानदाराचा मनातल्या मनात पुरता उद्धार करून झाला.

दुकानदार बिचारा निर्दोष होता. मी डिस्क लेथवर नेऊन टर्निंग मारून, म्हणजे वरचा थर सोलून सपाट करून आणल्या. दोन महिने गाडी छान चालली, मग पुन्हा तेच. शेवटी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे आबा आले. त्यांनी डिस्क काढली, तिच्याकडे पाहिलंही नाही. हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर नख फिरवलं आणि गंजाची पापडी माझ्या तळहातावर ठेवली. "डिस्क सरळ आहे. तू हब घासलाच नव्हता."

हबवरचा गंज

घरी काम करणाऱ्यांची सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती लगेच कळत नाही. जुनी डिस्क निघते, नवी चकचकीत डिस्क बसते, चाचणी फेरीत ब्रेक मऊ लोण्यासारखे लागतात. पण हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा एक कण जरी अडकला, तरी डिस्क किंचित तिरकी बसते. हबवर 0.1 मिलिमीटरचा खडा असेल, तर डिस्कच्या कडेला ते डोलणं जवळजवळ दुप्पट होतं, आणि बहुतेक छोट्या गाड्यांना कडेला 0.05 ते 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त डोलणं चालत नाही. छोट्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण 530 वेळा फिरतं. म्हणजे तीन हजार किलोमीटरमध्ये डिस्कचा तोच उंचवटा सोळा लाख वेळा पॅडला घासून जातो, तेही ब्रेक दाबलेला नसताना. तेवढ्या जागी डिस्क झिजून पातळ होते. मग ब्रेक मारला की पॅडला एकदा जाड, एकदा पातळ डिस्क लागते आणि पेडल धडधडतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, वेडीवाकडी झिजलेली असते. लेथवर टर्निंग मारून दोन महिनेच बरं वाटतं, कारण मूळ खडा तिथेच असतो.

उपाय कंटाळवाणा आहे. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हबचं तोंड धातू चमकेपर्यंत घासा, बोल्टच्या मुळाशी तर जास्तच. मग डिस्क लावून समोरासमोरच्या क्रमाने नट आवळा आणि जमल्यास डायल गेज (बारीक डोलणं काट्यावर दाखवणारं मापक) लावून डिस्क फिरवून पाहा. काटा जास्त हलला तर डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवा. कधी कधी एवढ्यानेच काम होतं. (जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू होऊनही पेडल थरथरतं, तो दोष नाही. हळू ब्रेक मारतानाही थरथर असेल तरच इकडे या.)

डिस्क निघतच नाही म्हणून हातोडा मारणारे बरेच. बऱ्याच गाड्यांच्या डिस्कवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, साधारण 8 मिलिमीटरच्या बोल्टची. त्यात बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळत जा, डिस्क आपोआप हबवरून सुटते. मलाही हे आबांनीच दाखवलं, हातोडा मारून मारून खांदा भरून आल्यावर.

जॅकवर भरवसा नको

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. तिच्यावर जॅक ठेवला की तो एका बाजूने खचतो. खाली जाड फळी ठेवा, मागच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालू नका. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची सवय आमच्या घरातल्या सगळ्यांना आहे. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करून घ्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 ओलांडतो, तेव्हा दुपारी हे काम करायचं म्हणजे पाना हातात धरवत नाही. सकाळी सहाला सुरुवात करा.

कॅलिपर, पिस्टन आणि ब्रेक ऑइल

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, काढल्यावर तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका. आतून होज चिरलेला बाहेरून दिसत नाही. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलायच्या आधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करून पातळी पाहा. आधीच कोणी वरपर्यंत भरून ठेवलं असेल, तर पिस्टन मागे गेला की ऑइल बाहेर सांडतं, आणि ते रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टन जुनं पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा, पेचकसाने उचकटू नका. पिस्टनचं रबर फाटलेलं दिसलं किंवा आतून ऑइल झिरपताना दिसलं, तर काम तिथेच थांबवून मेकॅनिककडे चला.

नवी डिस्क डब्यातून काढून थेट बसवू नका. तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. ब्रेक क्लीनरने पुसा. रॉकेल-डिझेल नको, ते स्वतःच चिकट थर मागे ठेवतं. पॅडला एकदा तेल लागलं की ते पॅड गेलं. आणि जुन्या पॅडची काळी धूळ पंपाच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ग्रीस लावताना हात आखडता ठेवा. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लागतं. बेअरिंगचं पेट्रोलियम ग्रीस लावलं की पिनांचं रबर फुगतं आणि पिन अडकते. पॅडच्या कानांना (दोन्ही टोकांना) अगदी बोटाला लागेल एवढंच. जास्त लावलं तर खान्देशच्या रस्त्यांवरची धूळ त्यात कालवून चटणी होते. दोन पिना सारख्या नसतात, एका पिनेला रबरी बुश असू शकतो, म्हणून काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या. रबरी टोपण फाटलेलं असेल तर तेही बदला.

पॅडची धातूची बाजू डिस्ककडे ठेवून बसवणारे लोक आहेत. हसू नका, लग्नाच्या घाईत गाडी तयार करायला बसलेल्या माझ्या मामेभावाने हेच केलं होतं.

नट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळा. छोट्या गाड्यांना चाकाच्या नटांसाठी हा आकडा साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. पायाने उडी मारून आवळलेले नट डिस्क वाकडी बसवतात, म्हणजे हब घासल्याची सगळी मेहनत वाया.

आणि गाडी खाली उतरवून चावी फिरवायच्या आधी ब्रेक पेडल पंधरा-वीस वेळा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल सरळ तळाला जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली आणि थेट तुळशी वृंदावनाला टेकवली, असं आमच्या गल्लीत घडलं आहे. कोणाचं, ते सांगत नाही. पेडल घट्ट झाल्यावर ऑइलची पातळी पुन्हा पाहा. पंप करूनही ते मऊच राहिलं तर आत हवा शिरली आहे, ब्लीडिंग करावं, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल.

मग गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. पारोळा रस्ता पहाटे रिकामा असतो. 60 च्या वेगावरून 15-20 पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असे आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थंड होऊ देत. पहिले दोनशे किलोमीटर कन्नड किंवा तोरणमाळचा घाट टाळा.

परत आल्यावर पॅडची किंकाळी ऐकू आली आणि पॅड नवं असेल, तर आधी पॅडच्या मागची शिम (पातळ पत्र्याची चकती) आणि कानांवरचं ग्रीस पाहा. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ज्या बाजूला ओढत नाही तिकडची पिन अडकल्याचा संशय घ्या. त्या चाकाच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची झीज कमी-जास्त असेल तर संशय पक्का. ब्रेक न मारता वीसेक किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमला हात लावण्याआधी लांबूनच तळहाताने धग जाणवते का पाहा. एक रिम नुसती कोमट आणि दुसरी भाकरीच्या तव्यासारखी असेल, तर त्या चाकाचं पॅड मागे येत नाही आहे. जॅक पुन्हा काढा.