बातादच्या बांधावरून चालताना

फिलिपिन्सच्या इफुगाओ प्रांतातल्या बातादला जाणार असाल, तर आधी बांधाचं सांगते. आईला घेऊन गेले तेव्हा मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

इथली खाचरं उतरंडीसारखी एकावर एक चढत जातात आणि वाट म्हणजे त्यांचे दगडी बांधच. एका हाताला चिखलपाणी, दुसऱ्या हाताला पुरुषभर खोल कडा. तोल गेलाच, तर अंग चिखलाच्या बाजूला टाका. कपडे खराब होतील, हाडं शाबूत राहतील. बघायचं असेल तेव्हा थांबा, चालताना नजर पायांखालीच. पाठपिशवी लहान घ्या, मोठी असली की वळताना हेलकावते. समोरून भारा घेतलेला माणूस आला, तर रुंद जागा गाठून त्याला आधी जाऊ द्या.

काठी न्या, पण बांधाच्या मातीत खुपसू नका. आईने एकदा टेकवली, तर गाइडने हलकेच तिचा हात धरून काठी दगडावर ठेवली. तिथले मोठे गांडूळ आधीच बांध पोखरतात. भोक पडलं की पाणी झिरपतं आणि एक दिवस भिंत बसते. युनेस्कोने 1995 साली ही खाचरं जागतिक वारशात घेतली, पण 2001 ते 2012 ती धोक्यातल्या यादीत होती. तरुण मुलं शहराकडे गेली की बांध कोण लावणार? म्हणून माझा आग्रह आहे, गाइड त्याच गावचा घ्या. कुठली वाट, किती वेळ, तप्पिया धबधबा धरून की सोडून, किती पेसो, हे निघायच्या आधी ठरवा. रोख मनिलातूनच न्या.

मनिलाहून बातादजवळच्या बनावे गावाला रात्रीची बस आहे, नऊ-दहा तास लागतात. एसी फार कडक असतो, शाल हाताशी ठेवा. पुढे जीपनी, म्हणजे तिथली प्रवासी वाहतुकीची लांबडी जीप, आणि शेवटचा टप्पा पायीच. हिरवी खाचरं बघायला एप्रिल-मे उत्तम. पावसात दगड निसरडे होतात, तेव्हा ज्येष्ठांना नेऊ नका.

धबधब्याची उतरण खडी आहे आणि तीच परत चढायची असते. गुडघे दुखत असतील तर सरळ सोडा. आई गावातच थांबली, एका बालेच्या सावलीत. बाले म्हणजे इफुगाओंचं चार खांबांवरचं लाकडी घर. उंदीर वर चढू नयेत म्हणून खांबांना वरच्या टोकाशी लाकडी चकत्या बसवलेल्या असतात. त्या तिने मला हात लावून दाखवल्या.

मुक्काम एक रात्र तरी कराच. तिनावोन, म्हणजे इथला वर्षातून एकदाच पिकणारा भात, जेवायला मिळेल का ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा. बऱ्याच घरी तो घरच्यापुरताच असतो.